‘मला काहीही चालेल’ हे वाक्य घरीच ठेवून जा

पत्र थोडक्यात: लग्नाला चौदा वर्षं झालेली एक वाचक मैत्रीण लिहिते. ती आणि तिचा नवरा दोघं नोकऱ्या सोडून वर्षभर जगभर फिरणार आहेत, आणि फिरण्याचं निमित्त आहे खाणं-पिणं. नवऱ्याची शीट तयार आहे, कुठला देश, कुठलं रेस्टॉरंट, कुठली वाइनरी, कुठलं बुकिंग किती दिवस आधी उघडतं, सगळं. तिला प्रवास मनापासून आवडतो, पण ती दारू पीत नाही, भूक बेताची आहे आणि रात्री उशिरा जेवलं की ॲसिडिटी होते. स्पेनमध्ये रात्री साडेनऊला भर फुटपाथवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. स्कॉटलंडमध्ये तीन दिवस तो व्हिस्की चाखत होता आणि ती गाडी चालवत होती. मेक्सिकोतल्या ओआहाकात मात्र एक दिवस फार छान गेला. ती म्हणते, “मला खाण्यातलं काही कळत नाही, म्हणून मी त्याला नेहमी सांगते तू ठरव, मला काहीही चालेल. पण वर्षभर हे कसं निभणार? मी त्याच्या स्वप्नातला अडसर आहे का? आत्ताच नाही म्हणून टाकू का?” तीन महिन्यांनी राजीनामे द्यायचेत.

उत्तर:

एकेरीतच बोलते, म्हणजे ‘तू’ म्हटलं की तू एकटी आणि ‘तुम्ही’ म्हटलं की दोघं, घोळ नको.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं की हिला जायचंच नाहीये. दुसऱ्यांदा नीट बघितलं तर अख्ख्या पत्रात ‘मला जायचं नाही’ असं तू कुठेही लिहिलेलं नाहीस, तू लिहिलंयस की ‘मी अडसर आहे का’, आणि ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला जायचं नसतं तो कारणं देतो. तू तर स्वतःलाच वजा करायला निघालीयेस.

आधी त्या ‘काहीही चालेल’बद्दल बोलू या, कारण मला वाटतं सगळा गुंता तिथे आहे. तुला ते समजूतदारपणाचं वाक्य वाटतं, त्याच्या आवडीआड यायचं नाही म्हणून तू ते बोलतेस, हेतू चांगलाच आहे. पण त्याच्या बाजूने ऐकून बघ. शोधायचं त्याने, ठरवायचं त्याने, बुक करायचं त्याने, आणि जागा फसली की तोंड पडलेलं कुणाचं, तर तुझं, ते बघायचंही त्याने. ‘चालेल’ म्हणतेस पण चालत नाही ना, आणि ते चेहऱ्यावर दिसतं, चौदा वर्षांनी तर लांबूनही दिसतं. मीसुद्धा बरीच वर्षं हेच वाक्य बोलत होते आणि मनातल्या मनात हिशोब ठेवत होते, आज मी मन मारलं, कालही मारलं, आणि मग एके दिवशी भलत्याच गोष्टीवरून सगळं बाहेर आलं. समोरच्याला कळेचना की एवढ्याशा कारणावरून ही एवढी का चिडली.

तुमचं स्पेनमधलं भांडणही मला त्याच जातीचं वाटतं. तू लिहिलंयस की दुपारी एकला सँडविच खाल्लं होतं आणि साडेनऊला तुम्ही तिसऱ्या बारच्या बाहेर उभे होता, आत पाय ठेवायला जागा नाही, तो म्हणतोय अजून दोन गल्ल्या पुढे एक मस्त जागा आहे. अगं, साडेआठ तासांच्या उपाशी पोटी कुणाचंही भांडण होईल. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊच्या आधी धड सुरूच होत नाही, तिथली माणसं दुपारी दोन-तीनला पोटभर जेवतात म्हणून त्यांना ते जमतं. तुम्ही जेवणाची वेळ त्यांची घेतली आणि दुपारचं सँडविच स्वतःचं ठेवलं. तुझ्यासारखं ज्यांना रात्रीचं सोसत नाही त्यांनी तर अशा ठिकाणी मुख्य जेवण दुपारीच घ्यावं, कितीतरी नावाजलेल्या ठिकाणी दुपारचा मेन्यू आटोपशीर आणि स्वस्तही असतो, आणि रात्री दोन घास खाऊन मोकळं व्हावं. शिवाय एक नियम करा, रात्री कुठे जायचं ते दुपारच्या जेवणावरच ठरवायचं, पोट भरलेलं असताना. रस्त्यात उभं राहून पोटात कावळे ओरडत असताना काहीही ठरवायचं नाही. आणि बॅगेत मूठभर बदाम, बिस्किटं, काहीतरी कायम असू दे. फार साधं वाटेल पण निम्मी भांडणं इथेच संपतात.

आता दुसरं वाक्य, ‘मला खाण्यातलं काही कळत नाही’. हे तुला कुणी सांगितलं? बहुतेक कुणीच नाही, तो वाइनचा घोट घेऊन ‘चेरी, लेदर, ओली माती’ म्हणतो आणि तुला नुसतं कडू आणि जळजळीत लागतं, म्हणून तूच ठरवून टाकलंस. तर एक गोष्ट सांगते. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाचे एक केमिस्ट लॅबमध्ये काम करत असताना त्यांच्या हातून एक पावडर हवेत उडाली. शेजारी उभा असलेला सहकारी कुरकुरायला लागला की काय कडूजहर आहे हे, आणि फॉक्सना मात्र काहीच लागेना, त्यांनी मुद्दाम चाखून बघितलं तरी नाही. एकाच खोलीत, एकच पावडर, दोन जिभा. पुढे ह्यावर खूप काम झालं आणि आता आपल्याला माहीत आहे की कडू चव किती जाणवावी हे काही अंशी जनुकांवर ठरतं, त्यातल्या एकाचं नाव आहे टीएएस२आर३८. ज्यांना कडू जास्त लागतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना दारूही जास्त कडू लागते. म्हणजे तुला चव कळत नाही असं नसून त्याच्यापेक्षा जास्तच कळत असेल, अशीही शक्यता आहे बरं का.

आणि चव घेणं म्हणजे गिळणं असं कुठे आहे? आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो, सर्दी झाल्यावर सगळं अळणी लागतं ते त्यामुळेच. वाइन चाखणारे लोकही आधी ग्लासात नाक घालतात आणि एकामागून एक चाखायच्या असतील तर घोट तोंडात फिरवून थुंकतात, टेस्टिंगच्या टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, त्यात कुणालाही काही वाटत नाही. तू त्याच्या ग्लासचा नुसता वास घे आणि काय आठवतं ते सांग. पुस्तकातले शब्द नकोत. ‘पावसात भिजलेलं लाकूड’, ‘लहानपणीचं खोडरबर’, जे येईल ते. तो पितोय आणि तू मोबाइल बघत बसलीयेस, ह्यापेक्षा हे खूप बरं.

आता तुझ्या पत्रातल्या त्या भागाकडे येते जिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. ओआहाकाच्या बाजाराबद्दल तू लिहिलंयस, “तो काय खाल्लं ते सगळं सांगू शकेल, मला फक्त ती आजी आठवते, मातीच्या तव्यासमोर बसलेली, तळहातावर टॉर्टिया फिरवून तव्यावर सोडायची आणि कडा सुटल्या की बोटांच्या टोकांनी उलटायची, तिची बोटं भाजत कशी नाहीत म्हणून मी अर्धा तास तिथेच उभी होते.”

अर्धा तास! आणि ही बाई म्हणते मला खाण्यातलं कळत नाही. तो तवा म्हणजे कोमाल. ती ज्या पिठाची टॉर्टिया करत होती तो मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, धुऊन मग दळलेला असतो. ह्याला निश्तामाल म्हणतात, त्याशिवाय त्या पिठाला चिकटपणा येत नाही, आणि चुन्यामुळेच मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. मका पुढे जगभर गेला पण ही चुन्याची रीत सोबत गेली नाही, आणि जिथे गरिबांचं सगळं जेवणच मक्यावर आलं तिथे पेलाग्रा नावाचा आजार पसरला. मेक्सिकोच्या ह्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोने २०१० साली वारसा म्हणून मान दिला तो नुसत्या चवीसाठी नाही, मका पिकवण्यापासून दळण्यापर्यंतच्या ह्या सगळ्या रीतीभातीसाठी. आणि तू नेमकी तिथेच उभी होतीस. तुझं कुतूहल पोटातलं नाहीये, ते हातातलं आहे, पदार्थ होतो कसा, करतं कोण, तव्यासमोर बसून त्या बाईचं आयुष्य कसं गेलं असेल, ह्यातलं. खाण्यापिण्याच्या प्रवासाचा हा अर्धा भाग आहे आणि तुझ्या नवऱ्याच्या शीटमध्ये त्यासाठी एक कॉलमसुद्धा नाही. तो त्याने मुद्दाम ठेवला नाही असं नाही, तू त्याला कधी सांगितलंच नाहीस.

म्हणून पहिलं काम हे, त्या शीटमध्ये तुझा कॉलम घाल. बाजार, भट्ट्या, चीज बनवणाऱ्यांची घरं, मिठागरं, स्वयंपाकाचे क्लास, चहाचे मळे. एखाद्या शहरात तुझं आधी ठरवा आणि त्याचं जेवण त्याच्या आजूबाजूला बसवा, नेहमी उलटंच का.

त्याच्या शीटबद्दलही बोलायला हवं. मला त्याचा राग येत नाहीये, जीव लावून केलेलं काम आहे ते. पण वाचताना छाती दडपते. दहा दिवसांच्या सुट्टीत माणूस रोज दोन रिझर्व्हेशन्स करू शकतो कारण अकराव्या दिवशी तो घरी असतो. वर्षभर कुणाचंही पोट, पाकीट आणि उत्साह हे झेलू शकत नाही. रेस्टॉरंटांना मिळणारे मिशेलिनचे तारे मूळचे कशासाठी होते बघ, टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० साली गाडीवाल्यांसाठी गाइड काढलं, तारे आले १९२६ मध्ये, आणि पुढे त्यांचा अर्थ ठरला तोही प्रवासाच्याच भाषेत. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबण्यासारखं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्यासारखं, तीन म्हणजे मुद्दाम त्यासाठीच प्रवास करावा असं. हीच मापं तुम्ही दोघं तुमच्या शीटला लावा. महिन्यातून एखादं ‘मुद्दाम त्यासाठीच’, आठवड्याला एक ‘वाट वाकडी’, बाकी सगळं वाटेत आलं तर आलं. आणि तारे दोघांनी द्यायचे, त्याचे तीन आणि तुझा शून्य असेल तर ते जेवण त्याचं एकट्याचं.

हो, एकट्याचं. हे वाचून तू दचकशील म्हणून थांबून सांगते. जोडीने प्रवास म्हणजे प्रत्येक टेबलावर जोडीने बसणं, हे कुठून आलं माहीत नाही पण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. वीस-वीस कोर्सचे टेस्टिंग मेन्यू असतात, तीन-तीन तास चालतात, आणि बऱ्याच ठिकाणी अट असते की घ्यायचा तर टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यायचा. सहाव्या कोर्सला तुझं पोट भरणार, पुढचे चौदा तू सोसणार, आणि तू सोसतेयस हे बघत तो खाणार. त्यापेक्षा त्याने काउंटरवरची एक जागा घ्यावी, जपानमध्ये तर कितीतरी दुकानं अशीच आहेत, आठ-दहा खुर्च्या आणि समोर शेफ, एकट्या माणसाला तिथे मुळीच अवघडल्यासारखं होत नाही. तू त्या संध्याकाळी तुझं काहीतरी कर, लवकर हलकं जेव, आणि रात्री तो आला की त्याला सगळं सांगायला लाव, एकेक पदार्थ. माझा अनुभव आहे की समोर बसून खाल्लेल्यापेक्षा असं ऐकलेलं जेवण जास्त लक्षात राहतं, आणि सांगणाराही खुलून सांगतो.

सोबत बसायचं असेल तर अशा जागा निवडा जिथे ताट आपापलं आणि टेबल एकच. सिंगापूरची हॉकर सेंटर्स अगदी तशीच आहेत, शेकडो जण एका छपराखाली, प्रत्येक स्टॉलचा एकच खास पदार्थ. टिश्यूचं छोटं पाकीट टेबलावर ठेवलं की जागा तुमची झाली, ह्याला तिथे ‘चोप’ करणं म्हणतात, मग तो त्याच्या रांगेत, तू तुझ्या. आणि स्पेनमधल्या ज्या सॅन सेबास्तियनसारख्या गावात तुमचं भांडण होऊ शकतं तिथेच खरं तर तुझ्या भुकेला सगळ्यात सोयीची रीत आहे. एका बारमध्ये एक पिंचो, म्हणजे समजा काडीला टोचलेलं ऑलिव्ह, अँचोवी आणि मुरवलेली मिरची एवढासा घास, सोबत छोटासा ग्लास, उभ्या उभ्या, की पुढचा बार. न पिणाऱ्यांसाठी तिथे मोस्तो मिळतो, न आंबवलेला द्राक्षाचा रस. आठ वाजता सुरू करायचं, तीन बार झाले की तू रूमवर, तो अजून दोन करून येईल. कुणी कुणावर उपकार केलेले नाहीत.

स्कॉटलंडबद्दल मात्र मला तुझ्या बाजूनेच बोलायचंय. जो पीत नाही तो ड्रायव्हर, हे सोयीचं असतं म्हणून कुणी विचारतच नाही, पण तीन दिवस अरुंद रस्त्यांवर गाडी चालवणं ही नोकरी झाली, सुट्टी नव्हे. तिथे कायदाही कडक आहे, रक्तातली मर्यादा १०० मिलीलिटरला ५० मिलिग्रॅम, शेजारच्या इंग्लंडात ८०, त्यामुळे ‘थोडीच घेतली’ला अर्थ नाही. पण उपाय आहेत. स्पेसाइड ह्या व्हिस्कीच्या भागात डफटाउनसारख्या गावात राहिलं तर एकापेक्षा जास्त डिस्टिलरीज चालत करता येतात. बऱ्याच ठिकाणी मागितलं तर चाखायची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात, रात्री रूमवर घ्यायला. म्हणजे तोही एक दिवस गाडी चालवू शकतो की! बाकी वेळी ड्रायव्हरसकट टूर घ्यावी, आणि तो खर्च त्याच्या दारूच्या पैशांतून जावा, कॉमन पैशांतून नाही. पैशांचे तीन भाग करा, सामाईक, त्याचा, तुझा, आणि एकमेकांच्या भागावर बोलायचं नाही.

आणि एक गोष्ट त्याच्यासाठी, पत्र त्याचं नसलं तरी. वर्षभर रोज ‘चाखणं’ म्हणजे वर्षभर रोज पिणं होऊन बसतं, कळतसुद्धा नाही. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सरळ सांगितलंय. आठवड्यातले निदान तीन दिवस कोरडे ठेवा आणि ते दिवस चहा-कॉफीचे करा. त्या दिवशी तुम्ही दोघं एकाच रेषेवर असता, हे मला त्यात सगळ्यात आवडतं.

म्हणूनच मी तुला इथिओपिया सुचवीन, आणि तेही लवकर, पहिल्या दोन महिन्यांत, अर्थात त्या वेळी ज्या भागात शांतता असेल तिथेच. तिथे कॉफी करतात तेव्हा हिरव्या बिया तुमच्या समोर धुतात, छोट्या तव्यावर भाजतात, धूर निघायला लागला की तो तवा फिरवत एकेकाच्या नाकाशी आणतात, मग कुटतात आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन वेळा ओततात, अबोल, तोना, बेरेका, आणि तिसरा कप घेईपर्यंत उठायचं नसतं, दीड-दोन तास सहज जातात. तुझ्या नवऱ्याला चव मिळाली, तुला ते हात बघायला मिळाले. जेवण एकाच मोठ्या इंजेरावर, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीवर, सगळे एकाच ताटातून खातात, आणि जवळच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. बुधवारी-शुक्रवारी ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास असतो, त्या दिवशी मांस-दूध-अंडं काही नसलेली थाळी सर्रास मिळते, म्हणजे तुमच्यासारख्या जोड्यांपैकी एक जण शाकाहारी असेल तर त्यांच्यासाठीही उत्तम.

जॉर्जिया हा देशही मला तुमच्यासाठी चांगला वाटतो, वाइन असूनही. तिथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत वाइनच्या खुणा सापडल्यात आणि आजही जमिनीत पुरलेल्या रांजणांत, क्वेव्रीत, वाइन मुरवतात. रांजण घडवणारे कुंभार वेगळे, ते आठवडेच्या आठवडे एकेक थर चढवत असतात. तो तळघरात, तू कुंभाराकडे.

शाकाहारी जोडीदारांसाठी अजून एवढंच, जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येही बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, त्यामुळे काय चालत नाही ते स्थानिक भाषेत कार्डावर लिहून जवळ ठेवा, ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. पोट बिघडणार हे धरून चला, ओआरएस सोबत ठेवा, आणि ज्या जागेची खात्री नाही तिथलं दोघांनी एकाच दिवशी खाऊ नका, एक तरी धडधाकट हवा. आठवड्यातून दोन दिवस किचन असलेल्या घरात राहा आणि साधा भात, फळं, दही खाऊन जिभेला सुट्टी द्या.

आता राजीनाम्याचं. तीन महिने आहेत ना, त्यातले दहा दिवस काढा आणि खरीखुरी रंगीत तालीम करून बघा, जवळच्याच एखाद्या देशात. सहा जेवणं त्याच्या पसंतीची, सहा ठिकाणं तुझ्या पसंतीची, दोन संध्याकाळी वेगवेगळे, तीन दिवस दारू नाही, आणि ‘काहीही चालेल’ला पूर्ण बंदी. विचारलं की उत्तर द्यायचं, चुकीचं आलं तरी चालेल पण द्यायचं. सुरुवातीला तुला जमणार नाही, सवय नाही ना, मग दोन पर्याय त्याने सांगायचे आणि तू एक निवडायचा, इथपासून सुरू करा. दहाव्या दिवशी बसून बोला. तेव्हाही तुला वाटलं की हे वर्षभर नको, तर तीन-तीन महिन्यांचे तुकडे करता येतील, एखादा तुकडा तो एकटा करेल, किंवा पुढच्या वर्षावर ढकलता येईल. तेव्हा नाही म्हणालीस तर ते अनुभवावरून असेल, आत्ताचं नाही नुसत्या धास्तीचं आहे.

पण त्याआधी, ह्या आठवड्यातच, त्याला ती आजी सांग. मला लिहिलंस तसंच, बोटं, कडा, तो अर्धा तास. मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं की हे त्याने अजून ऐकलेलंच नाहीये.